अठन्नी परत आली

देविदास राठोड हा माझा नापास झालेला विद्यार्थी. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी त्याच्याबद्दल बोलायला लागलो की लोकांना वाटतं, सरांचा लाडका असणार. अजिबात नव्हता. दहावीला इंग्रजीत बत्तीस मार्क पडले आणि तीन मार्कांसाठी गडी गेला. गोरेगावच्या हायस्कुलात मी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यातून गावात किती इंग्रजी आलं ते कृपा करून विचारू नका.

नापास झाल्यावर तो हिंगोलीला एका सराफाच्या कारखान्यात लागला. नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. खेड्यापाड्यांतून लोक जुनी चांदी मोडायला आणत. वाळे, तोडे, करदोटे, आणि त्यांत निजामाच्या वेळचे रुपये नि अठन्न्या. देविदास भट्टीपुढं बसून हे सगळं मुशीत टाकायचा. टाकता टाकता त्याला त्या नाण्यांवरच्या अक्षरांचा नाद लागला. मशिदीजवळ एक पेन्शनर मौलवी राहत, त्यांच्याकडं जाऊन हा हिजरी सालांचे आकडे वाचायला शिकला. इंग्रजीत बत्तीस मार्क घेणारं हे पोरगं नाण्यावरच्या चारमिनारच्या बाजूचं बारीक उर्दू साल एका नजरेत सांगायचं, याचा मला आजही थोडा राग येतो. माझ्या तासाला हे डोकं कुठं ठेवून येत होता कोण जाणे.

मालकाकडून तो वितळवायच्या भावात नाणी घेऊ लागला, पगारातून कापून. तो त्यांना नाणी म्हणत नाही, शिक्के म्हणतो. शहाण्णवला त्यानं गोरेगावच्या बाजारपेठेत एसटीडी बूथ टाकला. राहायला मात्र बंजारा तांड्यावरच, गावापासून चार किलोमीटर. दोन हजार पाचला औरंगाबादच्या एका नाणे प्रदर्शनात कुणीतरी त्याला सांगितलं, की आता कॉम्प्युटरवर बाजार भरतो, घरबसल्या माल विकता येतो. महिनाभरात बूथमध्ये कॉम्प्युटर आला, फोनच्या तारेवरून कुईकुई करत इंटरनेट आलं आणि लोडशेडिंग सांभाळत देविदासचं ऑनलाइन दुकान सुरू झालं. त्या साइटचा सगळा कारभार इंग्रजीत. मग माझी आठवण झाली. मी तेव्हा रिटायर होऊन वर्ष झालं होतं आणि घरात सगळ्यांना माझा कंटाळा आला होता.

धंद्याचा पहिला नियम त्यानं मला पहिल्याच दिवशी ओरडून शिकवला. टेबलावरचा एक काळा रुपया मी उचलला आणि सवयीनं धोतराला घासला. देविदासनं माझ्या हातातून तो हिसकावून घेतला. गुरूच्या हातातून!

"सर! शिक्का घासायचा न्हाई, धुवायचा न्हाई. ही काळी साय असती ना, हीच त्याची किंमत. साठ-सत्तर वर्षांनी येती ती. धुतला की गेला कामातून. मग तो नुसता चांदीचा तुकडा."

त्याच्या दुकानाच्या पाटीवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पाटीवर, माझ्याकडून त्यानं ठळक अक्षरांत लिहून घेतलं होतं: इथला कोणताही शिक्का कधीही धुतलेला नाही.

प्रत्येक सौदा झाला की गिऱ्हाइकानं खूण द्यायची. माल सांगितल्यासारखा निघाला तर हिरवी, फसवणूक झाली तर लाल. दोन वर्षांत देविदासच्या नावापुढं दोनशे अकरा हिरव्या खुणा झाल्या होत्या आणि लाल एकही नाही. बूथमध्ये कुणीही आलं, अगदी चार आण्याची चौकशी करायला आलं, तरी तो त्याला स्क्रीन वळवून त्या खुणा दाखवायचा. मी एकदा चिडवलं, "अरे, लग्नाच्या पत्रिकेत पण छापून घे."

तो हसला नाही. म्हणाला, "सर, आठवडी बाजारात कुणाचं काही हरवलं की पयली पिशवी कुणाची उलटी करतात, तुमाला म्हाईत हाय. इथं कुणी पिशवी तपासली न्हाई. दोनशे अकरा मानसं म्हणतेत, हा मानूस खरा हाय."

मला माहीत होतंच. बाजारात तांड्यावरच्या माणसांच्या पिशव्या उलट्या होताना मी पाहिलेल्या आहेत, आणि गप्प उभं राहून पाहिलेल्या आहेत. त्यानंतर मी त्या खुणांची थट्टा केली नाही.

दोन हजार सातच्या जूनमध्ये त्याच्याकडं एक अठन्नी आली. चारमिनारचीच, पण अशा सालाची की जी सहसा हाती लागत नाही, आणि वर अशी गडद, निळसर काळी साय धरलेली की मलासुद्धा ती सुंदर वाटली. देविदासनं तिचे सहा फोटो काढले. चार दिवसांत ती अंबाजोगाईच्या एका गृहस्थांनी घेतली. त्यांचं नाव अमृतराव. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, हे आम्हाला मागाहून कळलं.

आता नेमकं त्याच आठवड्यात देविदासच्या वडिलांचं, धर्मसिंगचं, परभणीला मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पार्सल बांधायचं काम तो कधी कुणाला करू देत नसे. पण साइटचा नियम, तीन दिवसांत माल पोस्टात पडलाच पाहिजे. त्यानं परभणीहून फोन केला. बूथवर त्याची बायको शिला बसली होती. "टेबलाच्या खणात पाकिटात अठन्नी हाय. नीट बांध, कापडात शीव आणि रजिस्टर कर." शिलानं सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. पोस्टाची पावतीसुद्धा जपून ठेवली.

दहा दिवसांनी अमृतरावांचं पत्र आलं. साइटवर पत्र टाकायची एक पेटी असते, त्यात. मी ते मोठ्यानं मराठी करून वाचलं. 'फोटोत नाणे काळे आहे. मला आलेले नाणे घासूनपुसून चकचकीत केलेले आहे. हे ते नाणे नव्हे, किंवा असल्यास आपण ते धुतले आहे. मी परत पाठवत आहे.' भाषा जड होती पण सभ्य होती.

थोड्या वेळानं शिला डबा घेऊन आली. देविदासनं तिला एवढंच विचारलं, "खणातलंच घातलं व्हतंस ना? दुसरं तर न्हाई गेलं?"

"खणात येकच पाकीट व्हतं. त्येच घातलं," शिला म्हणाली आणि डबा ठेवून गेली. ती खरंच बोलत होती.

"मग सर, यानं सोता घासला असंल आन् आता गळ्यात मारून राहिला. न्हाई तर बदलला. भारी शिक्का ठिवून घेतला, हलका पाठवून राहिला."

माल परत आला तेव्हा आम्ही पोस्टमनला थांबवून, शेजारच्या पानवाल्याला साक्षीला बोलावून पार्सल उघडलं. आत अठन्नी होती. साल तेच. पण अशी लखलखीत की पानवाला म्हणाला, "वा, नवीकोरी दिसते!" देविदासचा चेहरा उतरला. त्यानं ती बोटांच्या चिमटीत कडेनं धरली, फोटोशेजारी धरली, उलटीपालटी केली.

"ही माझी न्हाई," तो म्हणाला. मग ती पाकिटात घातली, पाकिटावर तारीख टाकली आणि बूथच्या कपाटात कुलूपबंद करून ठेवली. घरी फक्त एवढंच सांगितलं, की गिऱ्हाइकानं शिक्का बदलून पाठवला.

भांडण साइटकडं गेलं. साइट निकाल देणार होती आणि निकाल विरुद्ध गेला तर नुसती लाल खूण पडून भागणार नव्हतं. 'कधीही धुतलेला नाही' असं ज्यानं ठळक लिहिलंय, त्यानं धुतलेला माल विकला म्हणजे दुकानच बंद. दोनशे अकरा माणसांचं म्हणणं पुसून जाणार. देविदास त्या दिवसांत नीट जेवत नव्हता, हे मला शिलानं सांगितलं.

आणि मी? मला खोटं बोलायचं नाही. मी आयुष्यात इतका खूश क्वचितच झालो असेन. तीस वर्षं मी पोरांना आजारपणाच्या रजेचा अर्ज शिकवला. आता पहिल्यांदा माझ्या इंग्रजीला खरं काम मिळालं होतं. माळ्यावरची जाडजूड डिक्शनरी खाली उतरवली. रोज सकाळी आंघोळ करून, कपडे बदलून मी बूथवर जायचो आणि अमृतरावांना सोलून काढायचो. त्यांना मी सराईत भामटा म्हटलं. उतारवयात लोभ सुटलेला माणूस म्हटलं. एका पत्रात तर अशी काही वाक्यरचना साधली होती की मी ती घरी बायकोला वाचून दाखवली. तिला इंग्रजी येत नाही, तरी तिनं विचारलं, "एवढं कुणाला शिव्या देताय?"

तिकडून अमृतरावही कमी नव्हते. गंमत पाहा. दोघंही मराठी माणसं, अंतर एका दिवसाच्या एसटीचं, भाकरी-ठेचा खाणारी. आणि भांडत होतो इंग्रजीत, कारण साइटला तेच कळत होतं. फोन उचलून मराठीत पाच मिनिटं बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. पण साइटनं बजावलं होतं, जे बोलायचं ते पेटीतच बोला. आणि खरं सांगायचं तर मला फोन करायचाच नव्हता.

चौथं की पाचवं पत्र असेल. मी वाचत होतो आणि एका ओळीवर अडखळलो. ती सोडून पुढं गेलो.

"सर," देविदास म्हणाला, "येक ओळ गाळली तुमी."

"काही नाही रे, तेच ते रडगाणं."

"वाचा."

मी वाचली. 'पार्सलवर पाठवणाऱ्याचा पत्ता तांड्याचा आहे हे पाहिले, तेव्हाच मला समजायला हवे होते.'

बूथमध्ये एक बाई फोनवर बोलत होती, तिचं बोलणं संपेपर्यंत देविदास थांबला. तिचं बिल घेतलं, सुटे पैसे दिले. मग म्हणाला, "इथंबी पिशवी उलटी केली, सर." आणि बाहेर जाऊन उभा राहिला. त्या दिवशी मी जे उत्तर लिहिलं, त्यातला एकेक शब्द मी रागानं लिहिला, आणि तो राग खरा होता.

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. परत आलेलं नाणं फोटोतल्या नाण्याशी जुळत नाही, सबब विक्रेत्याचं म्हणणं ग्राह्य. अमृतरावांचं खातं बंद केलं गेलं आणि फसवणूक करणाऱ्या गिऱ्हाइकांच्या यादीत त्यांचं नाव लागलं. ती यादी सगळ्या विक्रेत्यांना दिसत असे. देविदासनं बाजारपेठेत भजी आणि चहा वाटला. मी माझी पत्रं छापून घेतली आणि फाइल केली.

त्या वर्षी लक्ष्मीपूजन नोव्हेंबरात होतं. देविदासनं मला दुपारी तांड्यावर फराळाला बोलावलं. मी पोचलो तेव्हा अंगणात त्याची आई मिराबाई बाजेवर बसली होती आणि शिला खाली परात घेऊन बसली होती. परातीत चिंचेचा कोळ, बाजूला चुलीतली राख. संध्याकाळच्या पूजेचे शिक्के धुणं चाललं होतं. मिराबाईच्या हारातले रुपये, घरातले दोन-चार जुने शिक्के. घरात त्यांची आपसात गोरमाटी बोली चालते, पण मी आलो म्हणून शिला मराठीत बोलू लागली.

"बसा सर. हे बघा, कसे कळकट झालते. आता बघा."

तिनं एक रुपया चिंचेत बुडवला, राखेनं चोळला, पाण्यातून काढला. लखलखला.

"ह्यांच्या दुकानातले बी असेच काळे ऱ्हातेत," ती हसत म्हणाली. "हात लावू देत न्हाईत. त्या टायमाला बाबांच्या डोळ्याचं आप्रेशन झालं ना, तवा ती अठन्नी माज्या हातून गेली. कशी निघाली व्हती सांगू? आरशावानी!"

मी देविदासकडं पाहिलं. तो चकलीचं ताट घेऊन दारात उभा होता.

"तू धुतली व्हती?" त्यानं विचारलं.

"मंग? लक्ष्मी घराभायेर चालली. पोरीला सासरी पाठवताना न्हाऊ घालत न्हाई का आपून? तशी काळी कशी पाठवू? हळदकुंकू लावलं, मंग पुसलं आन् बांधली." तिला त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं. "काहून? काय झालं?"

तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं, धुतलीस का म्हणून. आणि ही सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटायचं काही कारण नव्हतं. भांडी घासली हे कुणी नवऱ्याला कळवतं का?

"काय न्हाई," देविदास म्हणाला. "धू तू." त्यानं ताट माझ्या पुढ्यात ठेवलं. अमृतरावांना आलेली अठन्नी लखलखीत होती, त्यांनी ती आहे तशीच परत पाठवली होती, आणि आम्ही ती पाहून ओरडलो होतो, की ही आमची नाही. त्या म्हाताऱ्यानं पहिल्या पत्रात लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. माझ्या नोकरीतल्या आणि नोकरीनंतरच्या सगळ्यात चांगल्या इंग्रजीचा मारा मी एका निरपराध माणसावर केला होता.

दुसऱ्या दिवशी पाडवा. देविदास माझ्या घरी आला, ओसरीवर बसला आणि म्हणाला, "सर, साइटला लिहायचं. चूक माझी व्हती."

मी त्याला समजावलं. मला लाज वाटते, पण समजावलं. म्हटलं, केस मिटली, आता उकरून काय मिळणार? तुझं दुकान जाईल. आणि त्या माणसानं तुला काय म्हटलं ते आठव. तो तुझ्यासाठी हे करेल का?

"त्यानं म्हणलं ते त्याचं, सर. आपून म्हणलं ते आपलं. यादीत नाव त्याचं हाय, आन् ते खोटं हाय. मला तर बसल्या जागी दिसून राहिलं ते."

साइटवर तक्रार करायला वीस-बावीस पर्याय होते. माल आला नाही, माल फुटका आला, गिऱ्हाईक शिव्या देतं, गिऱ्हाईक पैसे देत नाही. मी चुकलो, असा पर्याय कुठंच नव्हता. 'इतर' मध्ये जाऊन आम्ही सगळी हकिकत लिहिली. उत्तर आलं: आपल्या प्रकरणाचा निकाल आपल्या बाजूनं लागला आहे, धन्यवाद. पुन्हा लिहिलं. पुन्हा धन्यवाद. देविदास म्हणाला, "हे तर आपल्याला खरं बोलूच देऊन न्हाई राहिले."

शेवटी त्याच्या लक्षात आलं, की दुकानाची पाटी तर आपल्या हातात आहे. 'कधीही धुतलेला नाही' ही ओळ त्यानं काढून टाकली आणि तिथं स्वतः, एकेक अक्षर शोधत, इंग्रजीत लिहिलं: 'अंबाजोगाईचे अमृतराव खरे आहेत. अठन्नी माझ्या घरी धुतली. मला माहीत नव्हते. मी त्यांना खोटे म्हटले. चूक माझी. देविदास धर्मसिंग राठोड, तांडा, गोरेगाव.' त्यात तीन क्रियापदं चुकलेली होती. मी दुरुस्त करायला हात पुढं केला.

"राहू द्या सर," तो म्हणाला. "माझं हाय ते."

आठ दिवसांत साइटला जाग आली. विक्रेत्यानं चुकीच्या वर्णनाचा माल विकल्याचं स्वतः कबूल केलं आहे, असं म्हणून त्याचं दुकान बंद केलं गेलं. अमृतरावांचं नाव यादीतून काढलं. दोनशे अकरा हिरव्या खुणा एका सकाळी दिसेनाशा झाल्या. देविदासनं कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला आणि दिवसभर एसटीडीची बिलं करत बसला. शिलाला आता सगळं कळलं होतं. ती रडली. तो तिला रागावला नाही, एवढं मी खात्रीनं सांगतो. म्हणाला, "तुजं काय चुकलं? मी इचारायचं ते इचारलंच न्हाई."

मला वाटलं, झालं, संपलं. पण डिसेंबरात एका सकाळी तो माझ्या दारात उभा. धुतलेला सदरा, खांद्याला पिशवी. "अंबाजोगाईला चाललो. येता का?"

जीपनं हिंगोली, एसटीनं परभणी, परभणीहून अंबाजोगाई. दुपारचे तीन वाजले. अमृतरावांचं घर दोन खोल्यांचं, स्वच्छ, भिंतीवर खात्यानं निरोपाला दिलेलं घड्याळ. सत्तरीचा माणूस, उंच, किडकिडीत. देविदासनं नाव सांगितलं तेव्हा ते दारातच थांबले. मग म्हणाले, "आत या."

त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाईंनी पाणी आणलं. देविदासनं पिशवीतून अठन्नी काढून टेबलावर ठेवली, शेजारी तिचे पैसे ठेवले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. परभणीचं ऑपरेशन, शिला, चिंच, राख, हळदकुंकू. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. मग पाटीवर जे लिहिलं होतं त्याचा छापलेला कागद त्यांच्या हातात दिला.

अमृतरावांनी चष्मा लावून तो कागद वाचला. बराच वेळ लागला त्यांना.

"हे वाचलं मी. एकानं पुण्याहून पाठवलं," ते म्हणाले. "आधी माझ्याकडं खुलासा मागितला होता आमच्या नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळातल्या लोकांनी. चाळीस वर्षं नाणी जमवतोय. कुणी खुलासा मागितला नव्हता."

रुख्मिणीबाई दारातून म्हणाल्या, "तेव्हापासून अल्बम उघडला नाही यांनी."

मग अमृतरावांनी माझ्याकडं पाहिलं. "ती पत्रं तुमची का? इंग्रजी फार चांगलं आहे हो तुमचं."

एक क्षण, देवाशपथ सांगतो, मी सुखावलो. तीस वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. आणि पुढच्याच क्षणी असं वाटलं, की या घराची फरशी उघडावी आणि मी आत जावं. मी हात जोडले. म्हटलं, "माफ करा. मी तुम्हाला जे म्हटलं त्यातलं एकही तुम्ही नव्हतात." त्यांनी मान हलवली.

चहा आला. अमृतरावांनी पैसे देविदासकडं सरकवले आणि अठन्नी ठेवून घेतली. म्हणाले, धुतलेली तर धुतलेली, हे साल माझ्याकडं नाही. देविदासनं पैसे पुन्हा त्यांच्याकडं सरकवले. असं दोनदा झालं. शेवटी पैसे टेबलाच्या मधोमध राहिले. चहा संपला. आता उठावं असं मला वाटत होतं, पण देविदास उठेना. तो घाई न करता बसून होता.

अमृतराव अठन्नी बोटांत फिरवत होते. "मी पण एक ओळ लिहिली होती," ते तिच्याकडंच पाहत म्हणाले.

"व्हय," देविदास म्हणाला. "वाचली."

"रागात लिहिली गेली."

देविदास त्यांच्याकडं बघत राहिला. खोलीत इतकं अवघडल्यासारखं झालं की माझ्या ओठांवर शब्द आले होते, राहू द्या हो, झालं गेलं. आपण लोक असं पटकन म्हणून टाकतो आणि सगळ्यांची सुटका करतो. मी तोंड उघडलं आणि देविदासनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात ठेवला. नापास झालेल्या विद्यार्थ्यानं मला गप्प बसवलं.

"तसं लिहायला नको होतं," अमृतराव अठन्नीला म्हणाले.

"साहेब," देविदास म्हणाला, "मी गोरेगावाहून तीन गाड्या बदलून आलो. माझं मी तुमच्या तोंडावर म्हणलं. तुमचं तुमी माझ्याकडं बघून म्हणा."

अमृतरावांनी अठन्नी टेबलावर ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मान वर करायला त्यांना किती कष्ट पडले ते मी समोर बसून पाहिलं. त्यांनी देविदासच्या डोळ्यांत पाहिलं.

"चुकलो मी, राठोड," ते म्हणाले.

देविदासनं माझ्या गुडघ्यावरचा हात काढला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. "बरं," तो म्हणाला. मग मला म्हणाला, "चला सर, परभणीची गाडी चुकंल."